१९११ की हाय-पॉवर? दिसायला भाऊ, पण हातात वेगळे

आमच्या सोलापुरात पिस्तुलाचा विषय निघाला की हा घोटाळा ठरलेला आहे. पोरं पबजी खेळून आलेली असतेत, त्यात १९११ नावाचं पिस्तूल बघितलेलं असतंय, मग मला विचारतेत, काका तुमच्या आर्मीत होतं ते १९११ च की? नाही रे बाबांनो. आपल्या आर्मीत वर्षानुवर्षं जे कमरेला लागलं ते नाइन एमएम वन-ए, इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं, आणि ते हाय-पॉवर नावाच्या बेल्जियमच्या पिस्तुलाच्या घराण्यातलं. १९११ हे अमेरिकन आर्मीचं, पंचेचाळीस बोअरचं. पण घोटाळा होतो यात पोरांची चूक नाही, कारण दोन्हीला मागं हॅमर, म्हणजे गोळी उडवायला टोला देणारा तुकडा, उघडा दिसतो, दोन्ही आखूड-लांब सारखीच वाटतात, दोन्ही हॅमर चढवून सेफ्टी लावून बाळगायची, आणि दोन्हीच्या मुळाशी रचनाकारही एकच, जॉन ब्राउनिंग.

मी नोकरीत नाइन एमएम वन-ए भरपूर चालवलं आणि १९११ बाहेर देशात टुरिस्ट लोकांसाठी रेंज असतात तिथं चालवलं, तेव्हा जे सांगतोय ते वाचलेलं पण आहे आणि हाताला लागलेलं पण आहे. लोक यात भांडतात कशावरून, तर गोळीवरून. पंचेचाळीस मोठी का नाइन मोठी. माझं ठाम मत आहे की भांडण तिथं नाहीच. या दोघांत निवड करायची तर ट्रिगर बघा आणि अंगठ्याखाली येणारी सेफ्टी बघा, बाकी सगळं मागनं.

ही दोन्ही सिंगल अॅक्शन पिस्तुलं, तर आधी सिंगल अॅक्शन म्हणजे काय ते दोन ओळीत. ट्रिगर ओढल्यावर एकच काम होतं, चढलेला हॅमर सुटतो, बस. हॅमर चढवायचं काम ट्रिगर करत नाही, ते तुम्ही अंगठ्यानं करा नाहीतर स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागंपुढं सरकणारा भाग, मागं ओढून करा, एकदा पहिली गोळी सुटली की पुढं प्रत्येक वेळी स्लाइड मागं येताना हॅमर आपोआप चढवते. त्यामुळं ट्रिगर हलका आणि आखूड राहतो, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसारखा राहतो. नेमबाजाला हेच पाहिजे असतं. पण हाच गुण बाळगणाऱ्याला जबाबदारी होऊन बसतो, त्यावर पुढं येतो.

आता दोघं वेगळे का झाले ते समजलं की बाकीचं सोपं आहे. १९११ अमेरिकन आर्मीनं २९ मार्च १९११ ला स्वीकारलं. त्याआधीच्या परीक्षेत एकाच पिस्तुलातून ६००० राउंड मारले, तापलं की पाण्यात बुडवून गार करायचं आणि परत सुरू, आणि ब्राउनिंगच्या रचनेचं कोल्ट कंपनीचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. मागणी पंचेचाळीसची का होती तर फिलिपाइन्सच्या लढाईत त्यांचं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर कमी पडलं होतं. हे पिस्तूल इतकं टिकलं की १९८५ ला बेरेटा पिस्तूल येईपर्यंत तेच चाललं. दुसऱ्या महायुद्धात तर टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड आणि आपल्या घराघरात जिची शिलाई मशीन होती ती सिंगर, यांनी पण १९११ बनवली, सिंगरनं फक्त ५०० बनवली म्हणून ती आज संग्राहकांना सोन्यापेक्षा जड आहेत.

हाय-पॉवरची गोष्ट बेल्जियममधली. फ्रान्सच्या सैन्याला जास्त गोळ्या मावणारं पिस्तूल पाहिजे होतं, एफएन कंपनीनं ब्राउनिंगला सांगितलं, पण अडचण अशी की १९११ चे पेटंट ब्राउनिंगनं स्वतःच कोल्टला विकलेले होते. म्हणजे ज्यानं ती रचना काढली त्यालाच ती वापरायची सोय नाही! मग त्याला वळसा घालून नवीन मार्ग काढावा लागला. ते काम चालू असतानाच २६ नोव्हेंबर १९२६ ला लीएजला एफएनच्या कारखान्यातच तो वारला. पुढं दियोदोने सेव्ह नावाच्या तिथल्याच इंजिनिअरनं ते तडीस नेलं, दोन रांगांचं मॅगझीन, म्हणजे ग्रिपमध्ये बसणारी गोळ्यांची पेटी, त्याचंच, आणि १९२८ ला कोल्टचे पेटंट संपल्यावर त्यातल्या काही चांगल्या गोष्टी परत आत घेतल्या. १९३५ ला बेल्जियमनं ते घेतलं. मागणी ज्या फ्रान्सची होती त्यांनी मात्र घेतलंच नाही. नंतर बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्याच कारखान्यात जर्मनांसाठी हे पिस्तूल बनलं, आणि इकडं कॅनडात टोरंटोच्या इंग्लिस कंपनीनं दोस्त राष्ट्रांसाठी बनवलं, म्हणजे एकाच युद्धात दोन्ही बाजूला हेच. आपलं वन-ए त्या कॅनडाच्या मॉडेलवरून आलेलं आहे.

तर ट्रिगर. इथं जरा थांबून सांगतो कारण सगळा खेळ इथं आहे.

१९११ चा ट्रिगर खिळीवर फिरत नाही, सरळ मागं सरकतो. त्याला मागं एक पट्टी जोडलेली असते ती मॅगझीनच्या दोन्ही बाजूनं वळसा घालून जाते आणि थेट आतल्या भागांना ढकलते आणि हॅमर सुटतो. मधे दलाल जवळजवळ नाहीच. म्हणून बोटाला काय वाटतं, तर थोडा मोकळा भाग, मग भिंत, आणि भिंत एकदम काचेसारखी तुटते. तुटल्यावर परत सेट व्हायला बोट अगदी जरासं पुढं न्यावं लागतं. मी पहिल्यांदा मारलं तेव्हा गोळी सुटली ती मला बोटात कळलीच नाही, कागदावर बघितलं तेव्हा कळलं, आणि जिथं बघत होतो तिथंच होती.

हाय-पॉवरमध्ये हा सरळ रस्ता घेता आला नाही. तिथं ट्रिगर खिळीवर फिरतो, तो एक लिव्हर वर ढकलतो, तो लिव्हर स्लाइडमध्ये बसवलेल्या दुसऱ्या लिव्हरला ढकलतो, आणि तो मागच्या टोकानं सीअरला, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या तुकड्याला, दाबतो, मग हॅमर सुटतो. वर आणि एक भानगड, मॅगझीन सेफ्टी. मॅगझीन काढलं की पिस्तूल सुटू नये म्हणून ट्रिगरला एक दांडी आहे ती मॅगझीनच्या पुढच्या अंगाला घासत राहते. त्या घासण्यानं ट्रिगर जड आणि खरखरीत लागतो, आणि मॅगझीनचं बटण दाबलं तरी मॅगझीन आपसूक खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं. परदेशात पुष्कळ जण ही सेफ्टी काढून टाकतात आणि ट्रिगर लगेच सुधारतो हे खरं आहे, अगदी स्प्रिंगफिल्ड कंपनीनं २०२१ ला याच घाटाचं एसए-३५ काढलं तेव्हा त्यात ती ठेवलीच नाही. पण घरी बसून स्वतः काढायला जाऊ नये, कारखान्यानं बसवलेली सेफ्टी काढलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं आणि तो मॅगझीन काढलंय म्हणून निवांत राहिला तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला चढलेली, गोळी कुणाला तरी लागणार.

तर नुसत्या ट्रिगरवर बोलायचं तर १९११ पुढं आहे आणि फार पुढं आहे, यात मला कुणी दुसरं पटवू शकणार नाही.

मग हाताचं काय? तिथं उलटं. १९११ चं मॅगझीन एका रांगेचं, ७ गोळ्यांचं, म्हणून ग्रिप बाजूनं चपटी पण पुढून मागं लांब. हाय-पॉवरच्या मॅगझीनमध्ये १३ गोळ्या दोन रांगेत, तरी ग्रिप इतकी गोल आणि भरीव बसते की डोळे मिटून उचललं तरी नळी जिकडं बोट दाखवतो तिकडं जाते. नवीन रिक्रूट पोरं, ज्यांचे हात लहान, त्यांना पण नाइन एमएम पहिल्या दिवशी हातात जमलं असं मी पुष्कळदा बघितलंय. वजन पण बघा, १९११ रिकामं साधारण १.१ किलो आणि लांबी २१६ मिलिमीटर, हाय-पॉवर किलोच्या आतबाहेर आणि १९७ मिलिमीटर. कागदावर फरक छोटा दिसतो, दिवसभर कमरेला लावून फिरलं की संध्याकाळी कळतो.

हाय-पॉवरची एक वाईट खोड म्हणजे चावतं. मागं गोल रिंगसारखा हॅमर आणि त्याखालचं शेपूट आखूड, त्यामुळं ज्याचा हात मांसल आहे त्याच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीला हॅमर मागं येताना चिमटा काढतो, चांगलं रक्त निघतं. सुरुवातीच्या १९११ ला पण ही तक्रार होतीच, मग १९२० च्या दशकात ए-वन मॉडेल आलं त्यात शेपूट लांब केलं, ट्रिगर आखूड केला, ट्रिगरच्या मागं बोटासाठी फ्रेमला खाच दिली. हाय-पॉवरला ही सुधारणा नीट मिळायला फार उशीर झाला.

आणि सेफ्टी. बाळगायच्या दृष्टीनं ही गोष्ट मला ट्रिगरइतकीच मोठी वाटते. १९११ ची अंगठ्याची सेफ्टी मोठी आहे, ग्रिप पकडली की अंगठा आपसूक तिच्यावर बसतो, खाली दाबली की टक्क करून उतरते. शिवाय ग्रिपच्या मागं वेगळी सेफ्टी, हात घट्ट बसल्याशिवाय ट्रिगर चालतच नाही. जुन्या हाय-पॉवरची सेफ्टी म्हणजे एक छोटा गुळगुळीत तुकडा, गडबडीत अंगठा घसरतो, थंडीत किंवा घामेजल्या हातानं तर विचारूच नका, आणि आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीस-बेचाळीस डिग्रीत हात कोरडा राहतोय कुठं. ग्रिप सेफ्टी हाय-पॉवरला नाहीच. एफएननं हे १९८० च्या दशकात दुरुस्त केलं, मार्क टू आणि मग मार्क थ्री, मोठी सेफ्टी, ती पण दोन्ही बाजूला, आणि मार्क थ्रीत फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडाला टोचणारी खिळी, अडवणारी सेफ्टी. म्हणून कुणी हाय-पॉवर चांगलं की वाईट विचारलं तर मी आधी विचारतो, कुठलं हाय-पॉवर? जुनं आणि मार्क थ्री यांच्यात बाळगायच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोळीचं लवकर आटपतो. पंचेचाळीसची गोळी २३० ग्रेन म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. नाइनची १२४ ग्रेन म्हणजे ८ ग्रॅम, वेग ३५० च्या आसपास. गणित मांडून बघा, ऊर्जा जवळपास सारखीच निघते. पंचेचाळीस भोक मोठं पाडते आणि हाताला जोरात पण हळू ढकलते, नाइन झटका देऊन लगेच शांत होते आणि दुसरी गोळी लवकर मारता येते. दोन्हीपैकी कुठल्याही गोळीनं चुकीच्या जागी मारलं तर काही उपयोग नाही, आणि योग्य जागी मारायला कामाला येतो तो ट्रिगर.

रेंजवर अजून एक फरक आहे तो नळीच्या बसणीचा. दोन्हीत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं मागं येतात आणि मग नळीचा मागचा भाग खाली उतरतो. १९११ मध्ये हे काम नळीखाली एक छोटी कडी करते, झोपाळ्याच्या कडीसारखी झुलते आणि नळीला खाली ओढते. हाय-पॉवरमध्ये कडी नाही, नळीलाच खाली तिरकी खाच कोरलेला भक्कम दाता आहे, तो फ्रेममधल्या आडव्या तुकड्यावरून घसरतो. भाग कमी, तुटायला काही नाही, आणि नंतरच्या जगभरातल्या बहुतेक पिस्तुलांनी हीच तऱ्हा उचलली. पण १९११ च्या तोंडाशी वेगळं बुशिंग, म्हणजे नळीभोवतीचं कडं, असतं, चांगला कारागीर ते नळीला घट्ट बसवून देतो आणि मग ते पिस्तूल २५ मीटरवर असं गट करतं की बघत राहावं. अमेरिकेतल्या टार्गेट शूटरांनी शंभर वर्षं याच कारणानं १९११ सोडलं नाही. सुटे भाग तर इतक्या कंपन्या बनवतात की अख्खं पिस्तूल सुट्या भागांतून उभं राहतं. साफसफाईला मात्र हाय-पॉवर सोपं, स्लाइड मागं ओढून सेफ्टीच्या खाचेत अडकवायची, पिन काढायची, झालं. १९११ ला बुशिंग फिरवताना स्प्रिंगचं टोपण सुटून तोंडावर येऊ शकतं, बेतानं करावं लागतं. आणि १९११ चा जुना एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा, स्वतःच स्प्रिंग असतो, त्याचा ताण बिघडला की रिकामी काडतुसं अडकतात, म्हणून चेंबरमध्ये हातानं गोळी टाकून वर स्लाइड सोडायची सवय १९११ वाल्यानं लावून घेऊ नये, गोळी नेहमी मॅगझीनमधूनच चढवावी.

बाळगण्याचं बोलतो. ही दोन्ही पिस्तुलं बाहेरच्या देशात जाणकार लोक हॅमर चढवून, सेफ्टी लावून, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये ठेवतात. बघणाऱ्याला चढलेला हॅमर बघून भीती वाटते. पण खरी भीती दुसरीकडं आहे. या दोन्हीला हॅमर सुरक्षित उतरवायचं वेगळं बटण नाही. चेंबरमध्ये जिवंत गोळी असताना अंगठ्यानं हॅमर धरून ट्रिगर दाबून हळूच खाली सोडणं, हे मी माझ्या डोळ्यासमोर कुणालाही करू देत नाही. अंगठा घसरला की गोळी सुटली. माझ्या युनिटात शिकवण होती की चेंबर रिकामा ठेवा, लागलं तर स्लाइड ओढा, आणि ज्याला रोजचा सराव नाही त्याला मी आजही हेच सांगेन. मूळ १९११ आणि जुनं हाय-पॉवर, दोन्हीत फायरिंग पिन अडवणारी सेफ्टी नाही, तोंडावर कडक जमिनीवर पडलं तर धोका आहे, कोल्टनं ती १९८३ पासून सिरीज ८० मध्ये दिली.

या सगळ्याचा आपल्या इथं उपयोग काय, असं पोरं विचारतेत आणि ते बरोबरच आहे. नाइन एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसनवर मिळत नाही, विषय संपला. पंचेचाळीस तर सोडाच, सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणायचं १९८० च्या दशकातच बंद झालं. सोलापूर शहरात लायसनचा अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांकडं, आणि मिळालं तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं. लग्नात-वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे पण त्याच दुरुस्तीत आलं, हे आपल्या भागातल्या हौशी लोकांनी नीट वाचावं. म्हणजे हातात येतं काय तर ऑर्डनन्स फॅक्टरीचं बत्तीस बोअर. त्यातल्या पिस्तुलाची गोळी पण ब्राउनिंगचीच आहे बरं का, एफएनसाठी काढलेली. २७ फेब्रुवारी १९३१ ला आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझादांच्या हातात जे कोल्ट होतं, अलाहाबादच्या म्युझियममध्ये ठेवलेलं, ते पण बत्तीसचंच, त्याच ब्राउनिंगच्या रचनेचं, आणि हॅमर आत लपलेला असला तरी सिंगल अॅक्शनच. त्याच वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिलं होतं, दीड महिन्याचं अंतर. मला आझादांचं ते पिस्तूल म्युझियमच्या काचेमागं बघायची फार इच्छा आहे.

ज्या पोरांना खरंच नेमबाजी करायची आहे त्यांनी १९११ चं स्वप्न बाजूला ठेवून एअर पिस्तूल आणि मग पॉइंट टू-टू धरावं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात सेंटर फायर पिस्तुलाला बोअरची मर्यादा ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर आहे, पंचेचाळीस त्यात बसतच नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं ते पॉइंट टू-टू वर. आणि तिथं पण परत ट्रिगरच, २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅम ओढीचा पाहिजे असा नियम आहे, तपासून मगच रेंजवर सोडतात. म्हणजे १९११ वर जी गोष्ट लोक शंभर वर्षं शोधत आले, स्वच्छ तुटणारा सरळ ट्रिगर, ती शिकायला पंचेचाळीस बोअर लागत नाही.

आणि कुणाला कधी परदेशात कायद्यानं दोन्ही समोर ठेवून निवडायची वेळ आली, तर माझं असं आहे. कागदावर मारायला १९११, डोळे झाकून. कमरेला लावायला मार्क थ्री हाय-पॉवर, कारण हलकं, हातात बसणारं, १३ गोळ्या, दोन्ही बाजूला सेफ्टी. जुनं हाय-पॉवर आणि १९११ यांच्यात बाळगायला निवडायचं असेल तर मात्र मी १९११ घेईन, वजन सोसून, फक्त त्या सेफ्टीसाठी. डावखुऱ्यानं एक बघावं, मूळ १९११ ची सेफ्टी फक्त डाव्या अंगाला असते, डाव्या हाताच्या अंगठ्याला ती पोचतच नाही. दोन्ही बाजूची बसवून घेतलेली असेल तरच हात लावावा, आणि दुकानात मॅगझीन काढून, चेंबर स्वतः बघून, ग्रिप न बदलता अंगठ्यानं सेफ्टी वर-खाली करून बघावी. ग्रिप जरा जरी सरकवावी लागली तर ते पिस्तूल कितीही देखणं असलं तरी ठेवून द्यावं.